ड्रायव्हर डिकीतच राहू दे रे बाबा

आज सकाळी गोल्फच्या सरावाच्या रेंजवर जे पाहिलं त्याने डोकं अजून तापलेलं आहे. पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

पंचविशीतला एक पोरगा. कोरी करकरीत बॅग, आत चौदाच्या चौदा क्लब (गोल्फच्या काठ्या), निम्म्यांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही. पन्नास बॉलची बकेट घेतली आणि पहिल्या बॉलपासून ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब दांड्याचा क्लब! निम्मे बॉल केळ्यासारखे वळून उजव्या जाळीत, उरलेले पुढ्यात घरंगळत. मागे दोन मित्र, दर बॉलला एकच मंत्र: "डोकं खाली ठेव!" वीस मिनिटांत बकेट संपली, हाताला फोड आला.

चौदा ही नियमातली कमाल मर्यादा आहे, किमान नाही. नवशिक्याला सहा पुरतात: लांब फटक्यासाठी एक हायब्रिड, सात नंबर आणि नऊ नंबरचं आयर्न, छोट्या उंच फटक्यांसाठी पिचिंग वेज नि सँड वेज, आणि बॉल होलकडे घरंगळवायला पटर. जुने घ्या, काही बिघडत नाही. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर तेवढी बदलून मिळते. शाफ्ट, म्हणजे दांडा, मात्र बघून घ्या. 'स्टिफ' (कडक) लिहिलेला कुणी गळ्यात मारला तर नवशिक्याच्या हातात तो काठीसारखा लागतो, बॉल वर चढत नाही. पण दुकानात पूर्ण सेट विकायचा असतो ना!

आता ड्रायव्हर का नको. सात नंबरचा शाफ्ट साधारण 37 इंच, ड्रायव्हरचा 45. दांडा लांबला की बॉल फेसच्या (क्लबच्या मारायच्या बाजूच्या) मध्यावर बसणं अवघड होतं. त्यात ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरपेपणा, दहा-साडेदहा अंश, सात नंबरचा तिशीच्या आसपास. लॉफ्ट जास्त असला की बॅकस्पिन (उलटी फिरकी) जास्त, त्यामुळे फेस थोडा उघडा राहिला तरी बॉल जरासाच वळतो. तीच चूक ड्रायव्हरने केली की बॉल थेट शेजारच्या फेअरवेवर, म्हणजे दुसऱ्याच होलच्या पट्ट्यात. म्हणजे सर्वांत निर्दय क्लब हातात घेऊन श्रीगणेशा करायचा, आणि मग "गोल्फ आपल्याला जमत नाही" म्हणायचं.

ड्रायव्हर मारायला मजा येते, मान्य. हल्लीची 460 सीसीची मोठी हेड बरंच सांभाळून घेतात, तेही मान्य. पुढे.

त्या "डोकं खाली"चं तर मला अजिबात सहन होत नाही. बॉल टॉप होतो (क्लब वरच्या भागाला लागून घरंगळतो) तो बहुतेक वेळा डोकं वर आल्यामुळे नाही. वजन मागच्या पायावर राहतं आणि माणूस बॉल उचलून मारायला जातो, म्हणून होतो. स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो. मग क्लब एकतर आधी जमिनीत घुसतो नाहीतर वर येता येता बॉलच्या डोक्याला लागतो. डोकं जबरदस्तीने खाली दाबलं की शरीर वळायचं थांबतं आणि वजन आणखीच मागे अडकतं. म्हणजे मित्रांनी रोगच औषध म्हणून पाजला. आयर्नने बॉल खाली दाबायचा असतो, आधी बॉल आणि मग जमीन. वर न्यायचं काम लॉफ्ट करतो.

रेंजच्या रबरी मॅटवर तर फसवणूकच. क्लब बॉलच्या मागे आपटला तरी रबरावरून घसरत पोचतो आणि शॉट बरा गेल्यासारखा वाटतो. कोर्सवर त्याच शॉटला हातभर ढेकूळ निघतं आणि बॉल जागेवर. म्हणून बॉलच्या मागे दहा-बारा सेंटिमीटरवर टॉवेलची घडी ठेवा. टॉवेल हलला की चोरी पकडली.

त्या पोराचा फोड डाव्या तळव्याच्या खालच्या गादीवर होता. ग्लव्हही तिथेच झिजलेला. ही ठळक खूण आहे. क्लब बोटांत न धरता क्रिकेटच्या बॅटसारखा तळव्यात धरला की तो दर फटक्याला हलतो आणि मनगट दुमडत नाही. उजव्या हाताने खेळत असाल तर वरून पाहताना डाव्या हाताची दोन बोटपेरं दिसली पाहिजेत, अंगठा-तर्जनीतला 'व्ही' उजव्या खांद्याकडे. टूथपेस्टची ट्यूब धरावी इतपतच पकड. ज्यांचं बालपण गल्ली क्रिकेटमध्ये गेलं त्यांना हे पटायला महिना जातो.

आणि बकेट वीस मिनिटांत कसली संपवता! पहिले पंधरा बॉल सात नंबरने, क्लब कंबरेपासून कंबरेपर्यंतच फिरवून. बॉल दोन पायांच्या मध्यावर किंवा तसूभर पुढे. पुढचे पंधरा वेजने, वजन डाव्या पायावर ठेवून, छोटे चिप, म्हणजे हलके फटके. उरलेले पूर्ण स्विंगने, पण दर बॉलला मागे येऊन लक्ष्य ठरवून. मग सरळ पुटिंग ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर. 72 पारच्या (72 फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या) कोर्समध्ये दर होलला दोन धरून पटरचे 36 फटके गृहीत असतात, म्हणजे अर्धा खेळ. आणि तिथेच कुणी फिरकत नाही. होल 108 मिलिमीटरचं. होलपासून तीन फुटांवर पटरच्या डोक्याहून जरा रुंद अंतराने दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) रोवा आणि त्यामधून मारा. नंतर तीस फुटांवरून नुसता अंदाज बसवा, कारण पटरचे तीन फटके लागतात ते दिशा चुकल्याने कमी आणि लांबी चुकल्याने जास्त.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चाळिसाव्या बॉलच्या सुमारास हात दुखला म्हणून पोराने सात नंबर काढला. कंटाळून, अर्ध्या ताकदीने मारला. टक्! बॉल सरळ उंच गेला आणि शंभर यार्डांच्या पाटीपुढे पडला. तो क्लबकडे बघतच राहिला. मित्र मोबाईलमध्ये. "हाच मार, असाच मार" म्हणायला कुणी नाही. दुसऱ्या मिनिटाला ड्रायव्हर पुन्हा हातात.

राग उतरला बहुतेक, लिहिता लिहिता. त्याचा दोष नाहीच.

तर त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी: चेंबूरचा कोर्स असो की येरवड्याचा, पहिल्यांदा कोर्सवर जाल तेव्हा कॉलरचा शर्ट घाला, जीन्स नको. टी-बॉक्सवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, न मारता 150 यार्डांच्या खुणेपासून खेळा. बॉल दोन थराचे, स्वस्तातले, डझनभर. हरवला तर तीन मिनिटं शोधायचा, पुढे चालायचं. ग्रीनवर बॉल आपटून खड्डा पडला तर कडा मध्याकडे ढकला, खालून उचकटू नका, मुळं तुटतात. ग्रीनचा उतार बॅग वाहणाऱ्या कॅडीदादांना विचारा, ते रोज बघतात. आणि पोरा, उद्या बॅग आणलीस तर आधी सात नंबर आणि पटर बाहेर काढ. फोडावर पट्टी लावून ये.