लिंकांची यादी म्हणजे ग्रंथालय नव्हे, मान्य. पण…

नमस्कार सर,

शाळेच्या ग्रंथालयासाठी मोफत ऑनलाइन साधनं कशी वापरायची, म्हणजे कपाटातल्या पुस्तकांची आणि मोफत दुव्यांची यादी ऑनलाइन कशी करायची, या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया लिहिलीत. ती खाली दबून गेली आहे, म्हणून इतरांसाठी थोडक्यात सांगतो. निवृत्त ग्रंथपाल म्हणून तुमचे आक्षेप तीन आहेत. एक, पीडीएफ वाटणं म्हणजे लेखकाच्या पोटावर पाय. दोन, फुकटची सेवा उद्या बंद पडते. तीन, मुलांच्या हातात आधीच मोबाइल आहे, त्यात आपण आणखी भर कशाला घालायची? शेवटी एक प्रश्नही आहे, "हे सगळं टाइप कोण करणार?"

पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडण नाहीच. स्कॅन केलेल्या कादंबऱ्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतात, त्याला मी ग्रंथप्रसार म्हणत नाही. पण म्हणून सगळ्याच पीडीएफ एका माळेचे मणी ठरत नाहीत. पहिला प्रकार कॉपीराइटची मुदत संपलेल्या पुस्तकांचा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. विंदा करंदीकर २०१० साली गेले. त्यांच्या बालकविता २०७० अखेरपर्यंत तशा नाहीत, मग त्या कितीही गटांत फिरत असोत. यातही एक मेख आहे. गुरुजींची मूळ संहिता खुली असली, तरी कोणी हल्ली केलेली संक्षिप्त आवृत्ती किंवा तिच्यातली नवी चित्रं खुली होत नाहीत.

दुसरा प्रकार निर्मात्यांनीच परवाना देऊन खुल्या केलेल्या पुस्तकांचा. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सनं २०१५ साली स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथल्या मराठी गोष्टी उतरवून घ्या, छापा, आपल्या बोलीत भाषांतर करा, फक्त लेखक-चित्रकारांची नावं आणि परवाना नमूद करा. तिसरा प्रकार वाचायला मोफत, पण वाटायला नाही. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर ठेवलेत, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. इथे फाइल पुढे ढकलायची नाही, पत्ता द्यायचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वर्गात शिकवण्यापुरती सूट आहे, आणि पुस्तकांतल्या उताऱ्यांचे झेरॉक्स संच विद्यार्थ्यांना देण्यावरून झालेल्या दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात २०१६ साली उच्च न्यायालयानं ती बरीच उदारपणे वाचली. पण त्या सुटीच्या आडोशानं अख्खी कादंबरी पालकांच्या गटात टाकता येते, असं मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा, फुकटची सेवा बंद पडण्याचा. पडते. विकिस्पेसेस या संकेतस्थळावर जगभरच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं साहित्य जमवलं होतं, २०१८ मध्ये ते बंद व्हायला लागलं. गूगलनं लांबलचक पत्ते छोटे करून देणारी आपली सेवा २०१९ मध्ये नव्या दुव्यांसाठी थांबवली. यातून मी घेतलेला अर्थ मात्र तुमच्यापेक्षा वेगळा आहे. साधन जाणार हे धरूनच चालायचं आणि आपली यादी त्यात अडकू द्यायची नाही. यादी साध्या गूगल शीटमध्ये ठेवायची आणि महिन्यातून एकदा सीएसव्ही (कुठल्याही संगणकावर उघडणारी साधी फाइल) करून शाळेच्या संगणकावर उतरवायची. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली कागदी दाखल नोंदवही जिथे आहे तिथेच राहते. तपासणीला तीच लागते आणि लागलीच पाहिजे.

मोबाइलनं स्कॅन केल्यावर यादी उघडावी म्हणून कपाटांवर लावायच्या क्यूआर कोडच्या बाबतीत हे फार जपावं लागतं. मोफत क्यूआर बनवून देणाऱ्या अनेक साइट आपला पत्ता कोडमध्ये घालतच नाहीत, स्वतःचा मधला पत्ता घालतात. त्यांची मोफत वापराची मुदत संपली की कोड मरतो आणि कपाटांवर चिकटवलेले सगळे कागद वाया. ज्यात थेट आपलाच पत्ता भरलेला असतो, असा स्थिर कोड छापायचा. तो बनवणारी साइट उद्या बुडाली तरी कोड चालतो.

ग्रंथालय चालवण्यासाठीची कोहा ही संगणक प्रणाली का नाही, असंही तुम्ही विचारलंत. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयानं २००० सालच्या सुमारास बनवून घेतलेली ही प्रणाली उत्तम आणि खरोखर मोफत आहे. एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं ई-ग्रंथालय हे तसंच सॉफ्टवेअरही आहे. पण दोन-तीन हजार पुस्तकं, एक संगणक आणि अर्धवेळ ग्रंथपाल एवढाच संसार असलेल्या शाळेत ती सांभाळणार कोण? तिथे शीट पुरते. खरी डोकेदुखी साधनाची नाहीच, मराठी नोंदींची आहे. कुठे 'साने गुरुजी', कुठे 'साने पां. स.', कुठे 'पांडुरंग सदाशिव साने'. शोधायला गेलं की एकाच लेखकाचे तीन होतात. त्यात शाळेकडे जुनी यादी असलीच तर ती बहुधा श्रीलिपी या जुन्या मराठी टंकप्रणालीत टंकलेली. तशीच शीटमध्ये चिकटवली की नुसती चिन्हांची रांगोळी. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतर, मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासणं, याला पर्याय नाही. या कामात तुमच्या पिढीचा हात आमच्यापेक्षा नक्कीच स्वच्छ आहे, हे मी खुशामत म्हणून लिहीत नाही.

मोबाइलचं मात्र मला मान्य नाही. ही यादी मुलांनी बघत बसावी म्हणून नाहीच, ती शिक्षकांसाठी आहे. आपल्या कपाटात काय आहे हे पाचवीच्या वर्गशिक्षकालाच माहीत नसतं, मग केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) दुसऱ्या शाळेला कुठून कळणार? एका शाळेत एकाच पुस्तकाच्या पाच प्रती धूळ खातात आणि दुसरीकडे एकही नसते. यादी दिसली की केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, शिक्षण परिषदेला, येताना पिशवीतून पुस्तकं येतात, पुढच्या परिषदेला परत जातात. प्रवास छापील पुस्तकाचाच होतो, सर.

मला खरी धास्ती आहे ती तुम्ही न काढलेल्या मुद्द्याची. कोणत्या मुलानं कोणतं पुस्तक नेलं, हे काही शाळा उघड्या शीटवर नावानिशी लिहितात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी आठवीतल्या मुलीनं काय वाचलं हे गावानं का पाहावं? देवघेव वहीतच ठेवा. आणि शीट सर्वांना पाहण्यापुरतीच खुली करा. संपादनाची मुभा गटभर दिली की कुणाच्या तरी अंगठ्यानं अख्खा रकाना उडतो, मग जुनी आवृत्ती शोधत बसावं लागतं.

राहता राहिलं टाइप कोण करणार. ज्याच्या गळ्यात आधीच चार कामं आहेत तोच, हे खरं उत्तर आहे आणि मला ते आवडत नाही. म्हणून सगळं ग्रंथालय एकदम घेऊ नका. आधी पाचवी-सहावीचं कपाट घ्या. मोबाइलवर मराठीत बोलून टंकता येतं. पुस्तकांची नावं बरी उमटतात, आडनावं बिघडतात, ती हातानं दुरुस्त करायची. फाटकी आणि निर्लेखनाला (नोंदीतून कमी करायला) काढलेली पुस्तकं यादीत घेऊच नका, निम्मं काम तिथेच वाचतं.

एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी तुम्ही मराठीत विषयवार गट पाडले होते, असा उल्लेख प्रतिक्रियेत आहे. शिवकालावरच्या गोष्टी आम्ही कधी इतिहासात टाकतो, कधी ललितात, आणि प्रत्येक शाळेचं उत्तर निराळं येतं. तुमची ती गटवारी वहीत असेल तर पानांचे फोटो पाठवाल का? टंकायचं काम आमचं.