‘आधी समितीची परवानगी घ्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“पालकांनो, शाळेविरुद्ध तक्रार करण्याआधी हे वाचा” असा एक लांबलचक मेसेज सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली नाव नाही, गाव नाही, नुसतं “एका हायकोर्ट वकिलाकडून”. असले मेसेज मी वाचत बसत नाही. पण परवा तो माझ्या मावसबहिणीनेच पाठवला. तिची मुलगी सातवीत आहे आणि शाळेच्या व्हॅनवरचा एक माणूस त्या पोरीला रात्री-अपरात्री घाणेरडे मेसेज टाकतोय. खाली बहिणीने विचारलं होतं, “ताई, यात म्हटलंय की आधी समितीची परवानगी लागते. मग मी पोलिसांत जाऊ नको का?”

जा. आज जा. उरलेलं उत्तर इतरांसाठी लिहितेय.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. शाळेतल्या प्रकाराची तक्रार आधी शाळेच्या समितीकडे करायची, समितीने परवानगी दिली तरच पोलीस, आणि तेही तीन महिन्यांच्या आत. तक्रार सिद्ध झाली नाही तर मुलगी आणि आईवडील तिघांनाही सात वर्षं तुरुंग. शिस्तीसाठी मुलींची अंगझडती घ्यायला शाळा मोकळी आहे, बाईने घेतली तर तो गुन्हाच नाही. शाळेची बदनामी करणाऱ्या मुलीला दाखला देऊन काढता येतं. पॉक्सो फक्त मुलींसाठी आहे. संविधानातली लिंगभेदाची बंदी खाजगी शाळांना लागू नाही. मुलींना सगळं फुकट मिळतं, मुलग्यांना काहीच नाही. आणि शेवटी एक ‘आवाहन’ आहे, त्याकडे नंतर येते.

परवानगीची गोष्ट आधी, कारण सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. पॉक्सो म्हणजे 2012 चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा. त्याचं कलम 19 सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच आहे. कळवावं की नाही हे ठरवण्याची मुभा कुणालाच नाही. त्यात मुख्याध्यापक आले, वर्गशिक्षिका आल्या, शिपाई आला, समिती तर आलीच. कलम 21 प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख असेल आणि गुन्हा त्याच्या हाताखालच्या माणसाने केला असेल, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे ज्या समितीकडे परवानगी मागायला हा वकील पाठवतोय, त्या समितीतल्या लोकांनी ऐकून घेऊन गप्प बसायचं ठरवलं तर आरोपी तेच होतात.

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर राजुऱ्याचा खटला वाचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका शाळेच्या वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं 2019 मध्ये उघडकीला आलं. तिथल्या मुलींवर उपचार करायला एक डॉक्टर नेमलेले होते. मुलींच्या जबाबांवरून त्यांना प्रकार कळला होता असं पोलिसांचं म्हणणं, आणि त्यांनी कळवलं नाही म्हणून त्यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचा निकाल फिरवला. न्यायालयाने बजावलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बऱ्याचदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो. लक्षात घ्या, डॉक्टरांवर अत्याचाराचा आरोप नव्हता. गप्प राहण्याचा होता. त्यांनी आधी कुणाची परवानगी मागायला हवी होती असं न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही.

बदलापूर तर अजून ताजं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेत अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या घरच्यांना तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वेरुळांवर उतरले तेव्हा राज्य हललं. त्या शाळेच्या कारभाऱ्यांवरही प्रकार न कळवल्याबद्दल पॉक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला आणि ऑक्टोबरमध्ये दोन विश्वस्तांना अटक झाली. एवढं होऊनही कुणीतरी बसून ‘समितीची परवानगी’ टाइप करतं आणि आपण ते पुढे ढकलतो.

समिती नाहीच, असं मात्र म्हणता येणार नाही. शालेय शिक्षण विभागाने 2022 मध्ये प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली आहे. ती असावी, तिच्याकडे खुशाल जावं, मुलांना ती माहीत असावी. पण ती पोलीस ठाण्याच्या दारावरचा पहारेकरी नव्हे. आणि ते तीन महिने? ते बहुधा 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यातून उचललेत. त्या कायद्यात अंतर्गत समितीकडे लेखी तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. ती इथे आणून चिकटवली. पॉक्सोत कळवायला अशी कुठलीही मुदत नाही.

सात वर्षांच्या तुरुंगाबद्दल. पॉक्सोच्या कलम 22 मध्ये खोट्या तक्रारीला शिक्षा आहे, हे खरं. ती सहा महिन्यांपर्यंत आहे, आणि तक्रार निव्वळ कुणाचा अपमान करायला, पैसे उकळायला, धमकवायला किंवा बदनामी करायला केली असेल तरच. मुलाने किंवा मुलीने केलेली तक्रार खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. उलट एखाद्या मोठ्या माणसाने लहान मुलावर जाणूनबुजून खोटा आळ घेतला, तर एक वर्षापर्यंत कैद आहे. जाणूनबुजून आळ घेणाऱ्या मोठ्यांना इतर फौजदारी कलमंही लागू शकतात, तेही मान्य. पण पुराव्याअभावी आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी, हा हिशेब कायद्याचा नाही, चावडीवरचा आहे. आणि सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कुठलीच जबाबदारी येत नाही, असं कलम 19 च्याच शेवटच्या पोटकलमात आहे. या वकिलाने कलम 19 शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही. सुरुवातही वाचली असेल का, शंकाच आहे.

आता अंगझडती. हा मुद्दा मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. “शिस्त व स्वच्छतेच्या कारणास्तव महिला कर्मचाऱ्यांमार्फत विद्यार्थिनींची तपासणी करता येते, प्रवेश अर्जावरील पालकांची सही ही संमतीच असते.”

जुलै 2025, ठाणे जिल्ह्यातलं शहापूर. एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात गोळा केलं, प्रोजेक्टरवर त्या डागांचे फोटो दाखवले आणि कुणाकुणाची पाळी चालू आहे ते विचारलं. ज्या हो म्हणाल्या त्यांचे अंगठे घेतले. ज्या नाही म्हणाल्या त्यांना स्वच्छतागृहात नेऊन तपासलं. पाचवीतली मुलगी म्हणजे दहा-अकरा वर्षांची. तिला बहुतेक अजून पाळी आलेलीही नसते, आणि शाळेतल्या बाई तिला कपडे काढायला सांगतात. पालक शाळेवर धडकले, गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. तिथे काही पुरुष तपासत नव्हते.

‘बाईने केलं तर गुन्हा नाही’ ही समजूत कुठून आली, ते मला कळू शकतं. जुन्या भारतीय दंड संहितेत स्त्रीला विवस्त्र करण्याचं कलम ‘कोणताही पुरुष’ असं सुरू व्हायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यातलं कलम 76 ‘जो कोणी’ म्हणतं. शिक्षा तीन ते सात वर्षं. त्या संहितेत ‘स्त्री’ म्हणजे कोणत्याही वयाची. शहापुरात नेमकी कुठली कलमं टिकतील ते न्यायालय ठरवेल. पॉक्सोच्या काही कलमांत लैंगिक हेतू सिद्ध करावा लागतो, त्यावर वाद होईल. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ला असला कुठला हेतू लागत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना सरळ मनाई. बाल न्याय कायद्याच्या कलम 75 मध्ये ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा आहे आणि मुलांची काळजी घेण्यासाठी असलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने तसं केलं तर पाच वर्षांपर्यंत. आणि प्रवेश अर्जावरची सही? त्या अर्जावर आपण गणवेश, फी आणि सहलीची जबाबदारी यांवर सही करतो. आपल्या लेकीचे कपडे उतरवायची संमती कुठलाही बाप अर्जावर देत नाही, आणि दिली तरी ती कायद्यापुढे शून्य आहे.

दाखला देऊन काढण्याचं पटकन आटोपते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 मध्ये हे कलम बदललं, पण ते नापास करण्यापुरतं. काढून टाकायची बंदी आहे तशीच आहे. नववी-दहावीला हे संरक्षण लागत नाही, तिथे मेसेजला अर्धा गुण. पण लागत नाही म्हणजे शाळेला रान मोकळं झालं असं नव्हे. शिक्षणाधिकारी आहेत, राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे, उच्च न्यायालय आहे. उलटही एक गोष्ट घडते. पालकच घाबरून दुसरीकडे जायला निघतात आणि शाळा दाखला अडवून ठेवते. आठवीपर्यंत तेही चालत नाही. कलम 5 प्रमाणे दाखला लगेच द्यायचा असतो, नसला तरी नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुद्दाम उशीर करणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतात.

पॉक्सो फक्त मुलींसाठी? अठरा वर्षांखालची कोणतीही व्यक्ती, एवढीच त्यात बालकाची व्याख्या आहे. 2007 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने केलेल्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. असले मेसेज वाचून ज्या मुलग्यांचे आईबाप “आपल्याला कुठे कायदा आहे” म्हणून गप्प बसतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

संविधानाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, अर्धं का होईना. अनुच्छेद 15 (1) ची बंदी राज्यसंस्थेवर आहे, आणि विनाअनुदानित खाजगी शाळेला त्याच्या जोरावर थेट कोर्टात खेचणं सोपं नाही. मुलींना मैदान नाही, मुलींना रोबोटिक्सचा क्लब नाही, अशा भेदभावाविरुद्ध लढताना ही अडचण खरोखर येते आणि त्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. पण पॉक्सो, न्याय संहिता, बाल न्याय कायदा यांना शाळा खाजगी की सरकारी याच्याशी काही देणंघेणं नाही. शाळेत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं हवीत, ही शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातली अट खाजगी शाळेलाही पाळावी लागते.

राहिलं ‘मुलींना सगळं फुकट’. अनुच्छेद 15 (3) राज्याला स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायची परवानगी देतो, म्हणून बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. मुलग्यांना ‘काहीच नाही’ हे खोटं आहे, विद्यार्थी पासावर त्यांना दोन तृतीयांश सवलत असते. मोफत पास का, हे मराठवाड्यात एखाद्या तालुक्याच्या स्टँडवर सकाळी साडेसहाला उभं राहिलं की कळतं. गावात सातवीपर्यंतच शाळा, पुढची आठ-दहा किलोमीटरवर. भाड्याचे पैसे द्यायची वेळ आली की मुलग्याचा पास निघतो आणि मुलीचं लग्न ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आणि ‘फुकट’च मोजायचं तर दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींचा उपस्थिती भत्ताही मोजा. 1992 मध्ये सुरू झालेला, दिवसाला एक रुपया.

आता ते आवाहन. “अशा खोट्या तक्रारी करणाऱ्या मुलींची नावे व शाळा ग्रुपवर टाका, म्हणजे इतर शाळा सावध होतील.” पॉक्सोचं कलम 23 पीडित मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, राहता परिसर, ओळख पटेल असं काहीही उघड करायला बंदी घालतं. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय न्याय संहितेच्या कलम 72 खालची शिक्षा वेगळी. ज्या ग्रुपवर हा मेसेज आला त्याच्या ॲडमिनला मी एवढंच कळवलंय, कलम क्रमांकासकट. बहिणीला सांगितलं आहे की ते रात्रीचे मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव आणि पोरीचा फोन सांभाळ. लैंगिक हेतूने मुलाला फोनवरून वारंवार गाठणं हा पॉक्सोच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पोरीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेते, गणवेशात नसते, आणि आई जवळ बसू शकते. पोलीस ठाण्यात कुणी “आधी शाळेतून पत्र आणा” म्हणालं तर पॉक्सोचं कलम 19 म्हणायचं, नाहीतर तिथूनच 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर लावायचा.