व्हीप आहे, मग दबाव कसला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आमदार सभागृहात मत देताना पुढच्या निवडणुकीकडे बघून देतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ‘हे अमेरिकेतलं चित्र उचलून तुम्ही आपल्या विधान भवनाला चिकटवलंय. इथे आमदार व्हीप निघेल तसा हात वर करतो. ज्याला स्वतःचं मतच नाही, त्याच्यावर दबाव कसला?’

यातला व्हीपचा, म्हणजे मत कुणाला द्यायचं हे सांगणाऱ्या पक्षादेशाचा, मुद्दा मला मान्य आहे. तो लेखात यायला हवा होता, ती माझी चूक. १९८५ साली राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा परवानगी न घेता मतदानाला दांडी मारली, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. अमेरिकेत तसं नाही. २९ सप्टेंबर २००८ ला बँका वाचवण्याचं विधेयक त्यांच्या प्रतिनिधिगृहात २०५ विरुद्ध २२८ मतांनी पडलं, तेव्हा निवडणूक पाच आठवड्यांवर होती. ज्यांची लढत अटीतटीची होती त्यांच्यात विरोधी मतं ठळकपणे जास्त होती, आणि निवृत्त होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बाजूने मत दिलं. नावानिशी नोंद असल्यामुळे हे कळतं. आपल्याकडे असा तक्ता मांडता येणार नाही, हे तुमचं बरोबर.

पण आमदार व्हीप पाळतो तो फक्त अपात्रतेच्या भीतीने का? त्याहून मोठी भीती एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाची, असते. पाच वर्षं मतदारसंघ बांधायचा, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी फॉर्म दुसऱ्याच्या हातात दिसायचा, हे मुंबईत प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिलंय. पुन्हा निवडून यायचं तर आधी तिकीट हवं, म्हणून पक्षापुढे मान तुकवायची. हा निवडणुकीचाच दबाव आहे. फक्त तो मतदाराकडून न येता पक्षाच्या कार्यालयातून येतो.

मतदाराकडून येणारा दबावही नाहीसा होत नाही. तो विधेयक मांडलं जाण्याआधीच आपलं काम करतो. मुंबईत याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे झोपड्यांची कट-ऑफ तारीख, म्हणजे ज्या तारखेआधीच्या झोपड्यांनाच संरक्षण मिळतं ती तारीख. आधी १ जानेवारी १९९५ होती. २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसने ती २००० पर्यंत आणण्याचं आश्वासन दिलं. मग दहा वर्षं गेली, आणि कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ साली, म्हणजे लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुकांच्या वर्षी. पुढे सशुल्क पुनर्वसनासाठी तारीख २०११ वर गेली. मी झोपडीवासीयांच्या विरोधात नाही. पंचवीस-तीस वर्षं या शहराची कामं करणाऱ्याला पक्कं घर मिळायलाच हवं. मला खुपतं ते हे, की त्याचा हक्क निवडणुकीच्या कॅलेंडरवर टांगलेला असतो, आणि मधल्या वर्षांत तो पावसात ताडपत्री बांधत बसतो.

मराठा आरक्षणाचं बघा. २९ नोव्हेंबर २०१८ ला १६ टक्क्यांचं विधेयक एकमताने मंजूर झालं. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आरक्षण रद्द केलं. २० फेब्रुवारी २०२४ ला विशेष अधिवेशनात १० टक्क्यांचं विधेयक आलं, तेही एकमताने. दोन्ही वेळा लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर होती. आरक्षण असावं की नसावं हा वाद मी इथे काढत नाही. पण २८८ जणांच्या सभागृहात सरकार आणि विरोधक रोज एकमेकांवर तुटून पडतात, तिथे या विषयावर एकही मत विरोधात पडत नाही. विरोधी पक्षांना सरकारचा व्हीप लागू नव्हता ना? मग त्यांना कोणी बांधून ठेवलं होतं?

आता व्हीपची पकड सुटते तिथे काय होतं ते पाहा. विधान परिषदेसाठी आमदार गुप्त मतदान करतात. १२ जुलै २०२४ ला अकरा जागांसाठी बारा उमेदवार होते. महायुतीचे नऊच्या नऊ निवडून आले आणि काँग्रेसची मतं फुटली. विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती. पुढचं तिकीट कुठून मिळेल याचा हिशेब त्या मतांमागे होता, असं माझं मत आहे. तुम्हाला दुसरं कारण दिसत असेल तर जरूर लिहा.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मला मान्य नाही: ‘आमदार कसं मत देतो याने मतदाराला काही फरक पडत नाही.’ फरक पडेल कसा, त्याला ते कळतंच कुठे? बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चा गलबला, ‘नाही’चा गलबला, आणि अध्यक्ष निकाल देतात. १२ नोव्हेंबर २०१४ ला तर विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितली होती. याउलट ४ जुलै २०२२ ला विश्वासदर्शक ठरावावर मोजणी झाली, १६४ विरुद्ध ९९, आणि कोण कुठल्या बाजूला होतं हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

मागे आमच्या भागातल्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात मी एका विधेयकाबद्दल विचारलं होतं. साहेबांनी त्यावर काय भूमिका घेतली, एवढंच. तिथल्या मुलाने अदबीने बसवलं, चहा दिला आणि पेव्हर ब्लॉक, शौचालयं, व्यायामशाळा यांचा छापील अहवाल हातात ठेवला. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कार्यालयात कुठे लिहिलेलंच नव्हतं, कारण तोवर ते कोणी मागितलं नव्हतं.

मागच्या लेखातला तिसरा परिच्छेद तुमच्या आक्षेपानंतर बदलला आहे. ‘आमदार मतदारांना घाबरून मत देतात’ या वाक्याच्या जागी तिकीट आणि व्हीप यांचा उल्लेख घातला आहे. सभागृहात मतविभागणी मागितली जाते तेव्हा ती का टाळली जाते, यावर पुढे लिहिणार आहे. तुम्ही व्हीपबद्दल ज्या बारकाईने लिहिलंत, त्यावरून तुम्हाला आतली माहिती असावी असं वाटतं. त्यातलं जे उघडपणे लिहिता येईल ते इथे लिहिलंत, तर मला त्याचा उपयोग होईल.