त्या 'घडी केलेल्या नॅपकिन'च्या मेसेजबद्दल

ईस्टर आला की तो मेसेज फिरतोच, गेल्या वर्षी मीच फॅमिली ग्रुपवर टाकला होता म्हणून हा खुलासाही मीच करतोय. मेसेज असा, की यहुदी मालक जेवताना उठला आणि नॅपकिनची घडी करून ठेवली तर नोकराला कळायचं 'मालक परत येणार', म्हणून पुन्हा जिवंत झालेल्या येशूने 'मी परत येणार' हे सांगायला रिकाम्या कबरेत तोंडावरच्या रुमालाची घडी घातली.

वाचायला भारी वाटतं, पण अशी प्रथा जुन्या यहुदी साहित्यात सापडत नाही. मिश्ना म्हणजे यहुदी नियमांचा जुना संग्रह, त्यात (बराखोत ८:३) हात पुसायच्या फडक्यावर चर्चा आहे खरी, पण ती ते टेबलावर ठेवायचं की गादीवर यावर, घडी आणि परत येणं वगैरे काही नाही. आणि बायबलमध्ये ही रुमालाची गोष्ट जिथे आहे त्या योहान २०:७ मधला मूळ ग्रीक शब्द 'सुदारियोन', म्हणजे घाम पुसायचा रुमाल. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजरच्या तोंडाला गुंडाळलेला तोच (योहान ११:४४), आणि लूक १९:२० मधल्या येशूच्या दाखल्यातल्या नोकराने मालकाचे पैसे बांधून ठेवले तेही त्यातच! १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याला 'नॅपकिन' म्हटलं आणि तिथून आपल्या डोक्यात डायनिंग टेबल आलं असावं. क्रियापदही 'गुंडाळणे' असंच आहे, मत्तय २७:५९ मध्ये अरिमथाईचा योसेफ (येशूला पुरणारा) येशूचं शरीर तागाच्या कापडात गुंडाळतो तिथे हेच वापरलंय.

रुमाल वेगळा गुंडाळलेला होता हे मात्र योहानाने लिहिलंय, आणि मला तेवढंच जास्त भिडतं, कारण कबर रिकामी झाली ती कुणी प्रेत चोरल्यामुळे असं म्हटलं, तर चोरणारा माणूस कशाला कापड सोडत बसेल.

तर प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा. मी काकूंपासून सुरुवात केलीये.