तो ‘आय-मी’वाला फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच मेसेज आला, ‘इंग्रजी सर्वनामं ५ मिनिटांत’. त्यात चार नियम: मराठीत ‘मी’ तिथे आय आणि मराठीत ‘मला’ तिथे मी (हो, इंग्रजीतला मी म्हणजे आपला मला, गंमत इथूनच सुरू होते), दोघं जण असले की ‘अँड आय’च शुद्ध, ‘इट्स मी’ अडाणी, आणि नम्र दिसायचं तर मायसेल्फ. चारातला एकही धड नाहीये.

पहिला सगळ्यात डेंजर, कारण तो पटतो. आता बघा, मला भूक लागलीय, मला पोहे आवडतात, मला पोहता येतं, मला जायचंय. चारही ठिकाणी मला, आणि इंग्रजीत चारही ठिकाणी आय! आय ॲम हंग्री, आय लाइक पोहे, आय कॅन स्विम, आय हॅव टू गो. मराठीत क्रियापद माझ्याकडे बघतच नाही, ते पोह्यांकडे बघतं, म्हणून मला आंबा आवडतो, भेळ आवडते, पोहे आवडतात. इंग्रजीत आवडणारा मी असतो त्यामुळे लाइक माझं. ‘त्याने मला बोलावलं’ला ही कॉल्ड मी होतं, तिथे फॉरवर्ड बरोबर येतो, पण तो योगायोग. मराठी शब्द बघूच नका, क्रियापद कोणाचं ते बघा. ज्याचं आहे तो आय, ही, शी, वी, दे. ज्याच्यावर जाऊन पडतं तो, किंवा टू, फॉर, विथ, बिटवीनच्या नंतर येणारा, तो इंग्रजीतला मी, हिम, हर, अस, देम. (यू मात्र दोन्हीकडे यूच. पूर्वी कर्त्यासाठी वेगळं ‘यी’ होतं, ते गळालं, सुटलो.)

‘अँड आय’चं खूळ शाळेतून येतं. ‘मी अँड अमित वेंट’ म्हटलं की मॅडम ओरडायच्या, मग पोरं घाबरून सगळीकडेच आय लावतात, ‘सर गेव्ह अमित अँड आय अ बुक’. अमितला जरा बाजूला काढा, ‘सर गेव्ह आय’ म्हणाल का? नाही ना, ‘सर गेव्ह मी’ म्हणाल, मग अमित परत आला तरी ‘अमित अँड मी’च. ‘बिटवीन यू अँड आय’ शेक्सपिअरच्या नाटकात सापडतं हे खरंय, पण आज परीक्षेत लिहिलंत तर मार्क जातील.

‘इट्स मी’ अडाणी? दारावरची बेल वाजवून ‘इट इज आय’ म्हणणारा माणूस मला दाखवा. तो नियम लॅटिनच्या साच्यावरून आणलेला, बोलताना ‘इट्स मी’ अगदी चालतं. ‘टॉलर दॅन मी’सुद्धा चालतं, फक्त ‘आई ताईला माझ्यापेक्षा जास्त ओरडते’ असलं काही असेल तर जपून, कारण मराठीतही कळत नाही की मी ओरडणारा का ओरडा खाणारा. इंग्रजीत ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी स्कोल्ड्स मी’ लिहिलं की विषय संपला.

राहिलं मायसेल्फ. पहिल्या इंटरव्ह्यूत मीपण ‘मायसेल्फ अमुक’ म्हणालो होतो, त्यामुळे हसत नाही कोणाला. पण ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’मध्ये नम्रपणा कुठेच नाहीये. आय कट मायसेल्फ, म्हणजे माझं मलाच कापलं, तिथे तो हवा. बाकी ‘कॉन्टॅक्ट मी’ आणि ‘आय ॲम अमुक’.