मेलाटोनिन पेशीत शिरते, म्हणून केमो लांबवायची?

परळला केमोथेरपी घेत असलेल्या माझ्या मावशीला नात्यातल्याच एकाने व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला आणि तो वाचून तिने मला विचारले, "पुढची केमो महिनाभर लांबवली तर चालेल का गं?" मजकुराचा दावा असा आहे की, मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक साखरेच्या दारातून फक्त कर्करोगाच्या पेशींत शिरून त्यांना मारते, रोज रात्री 20 मिलिग्रॅम घेतल्यास केमोची गरज उरत नाही आणि गोळी स्वस्त असल्यामुळे डॉक्टर हे दडवून ठेवतात.

साखरेच्या दाराची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागेल. पेशीत ग्लुकोज नेणाऱ्या ग्लुट-1 या प्रथिनामार्फत मेलाटोनिनही आत जाते, असे स्पेनमधील ओव्हिएदो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरील प्रयोगांतून मांडले. मात्र हे प्रथिन कर्करोगाची मक्तेदारी नव्हे. आपल्या तांबड्या रक्तपेशींवर आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही ते भरपूर असते. शिवाय मेलाटोनिनचा रेणू लहान आणि मेदात विरघळणारा असल्याने तो पेशीच्या पटलातून थेटही आत झिरपतो, आणि झोपेचे नियमन तर तो आत न शिरता, पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटूनच करतो. तेव्हा तो आत जातो एवढ्यावरून तो पेशी मारतो, तेही निवडून कर्करोगाच्याच, असा निष्कर्ष निघत नाही.

मग माणसांवर काय दिसले? 1990 च्या दशकात इटलीत झालेल्या छोट्या चाचण्यांचे निकाल आशादायक होते. 2005 मध्ये अशा 10 चाचण्यांतील 643 रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा वर्षभरातील मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. पण कोणाला औषध मिळते आहे हे त्या चाचण्यांत झाकलेले नव्हते आणि काहींमध्ये मेलाटोनिन केमोच्या जोडीला दिलेले होते, तिच्याऐवजी नव्हे. पुढे कॅनडात फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या 709 रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज रात्री 20 मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. 2021 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. मजकुरातला डोसही नेमका हाच आहे. आणि ज्या औषधाची इतकी मोठी चाचणी होऊन निकाल उघडपणे छापला जातो, ते कोणी दडवले आहे असे म्हणणे निव्वळ खोटे आहे.

सर्वांत संताप येतो तो केमो लांबवण्याच्या सल्ल्याचा. दोन डोसांमधले अंतर असे ठरवलेले असते की अस्थिमज्जेला सावरायला वेळ मिळावा, पण उरलेल्या कर्करोगपेशींना पुन्हा वाढायला मिळू नये. ते अंतर मनाने महिनाभर वाढवणे म्हणजे त्या पेशींना आयती संधी देणे होय, आणि गेलेला महिना कोणतीही गोळी भरून देत नाही.

झोप लागत नसेल तर मेलाटोनिनबद्दल जरूर विचारावे, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्यासमोर ठेवून. कारण वॉरफरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधासोबत ते घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मावशीची पुढची केमो ठरलेल्या तारखेलाच होणार आहे.