खंडुरी साहेब आणि ती एक सीट

उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्यावरच्या एका लेखात त्यांना कडक शिस्तीचा मुख्यमंत्री म्हटलंय, मान्य, पण खरी गंमत २०१२च्या विधानसभा निवडणुकीची आहे ना राव. भाजपने उत्तराखंडात 'खंडुरी है जरूरी' म्हणत सगळा प्रचार त्यांच्या नावावर केला आणि नेमके तेच कोटद्वारमधून पडले! पक्षाला ३१, काँग्रेसला ३२, म्हणजे ती एक सीट फिरली असती तर आकडा उलटा झाला असता की. आतल्यांनीच पाडलं म्हणे, असो. बाकी फौजेत ते इंजिनियर्सवाले, वाजपेयींच्या काळात रस्ते खातं त्यांच्याकडेच, आम्ही कराडकरांनी पुणे-बेंगलोर हायवेचं चौपदरीकरण तेव्हाच बघितलंय, कडेची वडाची झाडं गेली ती मात्र अजून आठवतात.